शिक्षणातील खंड: एकोणीस वर्षे

पहिल्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसलेली दिसली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई आत शिरली आहे. आमच्याकडे असं होतं. पोराला सोडायला आलेली आई पंख्याखाली दोन मिनिटं टेकते आणि मग तिला उठवायचं काम माझ्यावर येतं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "आपण कुणाच्या?"

ती उभी राहिली. "कुणाची नाही, मॅडम. माझीच मी. माझं नाव आहे तुमच्या यादीत."

सगळा वर्ग खो खो हसला आणि तास संपायच्या आत तिचं नाव 'मावशी' पडलं. तिला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मीसुद्धा 'मावशी' म्हणून गेले आणि मग तेच चिकटलं.

मी विद्यापीठात वेब तंत्रज्ञान शिकवते. माझ्या नाकावर राग असतो, हे मला ठाऊक आहे. पोरं माझ्यामागे मला 'टॅगबाई' म्हणतात, कारण वेबपान लिहिताना उघडलेला टॅग, म्हणजे कंसातली खूण, बंद केला नाही की मी गुण कापते. पोरं म्हणतात, "मॅडम, पान तर नीट दिसतंय." अरे, दिसतंय, कारण ब्राउझर तुमच्या चुका पोटात घालतो. मी घालत नाही.

मावशी पूर्वी वीज कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. त्याआधी कॉलेज होतं, पण दुसऱ्या वर्षाला वडील अंथरुणाला खिळले आणि ते सुटलं. मग लग्न, मुलगी, मग ही फोनची नोकरी. लोक वीज गेली की कंपनीवर ओरडायचे आणि कंपनीच्या वतीनं ते ओरडणं ऐकायला मावशी. पुढे कंपनीनं बोलणारं यंत्र बसवलं. 'तक्रारीसाठी एक दाबा.' त्या मजल्यावरच्या सगळ्या बायका एका महिन्यात घरी. बाकीच्यांनी दुसरीकडे फोनचीच नोकरी शोधली, ही विद्यापीठात आली. का आलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "ज्यानं माझी खुर्ची घेतली त्याच्या घरात काय शिजतं ते बघायला."

हुशार होती का? एकदम चमकणारी नव्हती. टाइप करताना दोन बोटं वापरायची, गणितात एकदा आपटली आणि पुढच्या वेळी पास झाली. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी मला वीस वर्षांच्या पोरांत क्वचित दिसते. तिला पलीकडचा माणूस दिसायचा. फॉर्ममध्ये चूक झाली की काय संदेश दाखवायचा, असा एक साधा गृहपाठ मी दिला होता. सगळ्यांनी लिहिलं, 'अवैध नोंद'. मावशीनं लिहिलं, 'फोन नंबरात एक आकडा कमी दिसतोय, पुन्हा एकदा बघा.' मी पूर्ण गुण दिले आणि वर्गाला ते वाचून दाखवलं. ती पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. कौतुकाची सवय नव्हती.

घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप, शेजारी शाळेत जाणारी मुलगी तिचं गणित करतेय आणि ही हिचं. नवरा मालाची गाडी चालवायचा, चार-चार दिवस बाहेर. तो तिला म्हणायचा, "तू पास झालीस की मी गाडीच्या मागे लिहून घेणार." हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. पदवी तिला हवी होती, इतकी की दुसरं काही बोलायला लागली तरी गाडी तिथेच यायची.

आता अंदाजे सर. ते बुद्धिमान प्रणाली शिकवतात. तरुण, अंगानं काटकुळे, मनानं वाईट नाहीत. कुठल्याही वाक्याआधी 'अंदाजे' म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांच्या विषयाला पोरांची झुंबड आणि माझ्या विषयाला पोरं 'ते एचटीएमएलवालं' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सरांनी मावशीच्या गटाला प्रोजेक्ट दिला. विद्यापीठाच्या जुन्या नोंदी घ्यायच्या, कोण शिकून बाहेर पडलं आणि कोण मध्येच सोडून गेलं ते यंत्राला दाखवायचं, आणि नव्या विद्यार्थ्यांपैकी कोण सोडून जाईल याचा अंदाज त्याच्याकडून काढून घ्यायचा. गटातल्या तीन पोरांनी आतलं काम घेतलं. बाहेरचं पान मावशीनं केलं. टिकेल त्याला हिरवा, जाईल त्याला लाल. रंग तिनेच निवडले. मला दाखवायला आली तेव्हा म्हणाली, "लाल म्हणजे थांबा, या माणसाकडे बघा, असं."

चाचणीसाठी कुणाची तरी नोंद टाकायला हवी. दुसऱ्याची खासगी माहिती कशाला वापरायची, म्हणून तिनं स्वतःची टाकली. आमच्या धंद्यात सगळेच हे करतात. मी स्वतः शेकडो फॉर्म माझ्याच नावानं भरून बघितलेत. सादरीकरणाच्या दिवशी भर वर्गात तिनं बटण दाबलं आणि भिंतीवर तिच्या नावासमोर भलामोठा लाल ठिपका आला.

पोरं बाकं बडवून हसली. "मावशी, चला, सामान बांधा!" तीही हसली. अंदाजे सर तर खूशच झाले, की बघा, चालतंय. मला मात्र ते बरं वाटलं नाही आणि मी तसं तिथेच म्हणाले. सर म्हणाले, "मॅडम, अंदाज आहे हो, अंदाजे. ती टिकली तर त्यालाच कळेल की आपण चुकलो. तो शिकतो."

"मग मी त्याला चुकीचा ठरवते," मावशी म्हणाली. आणि ते ती मनावर घेऊन म्हणाली होती.

प्रोजेक्ट वर्गातच राहिला असता तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. पण विभागप्रमुखांना तो आवडला. त्यांना कुठल्याही बैठकीत भिंतीवर काहीतरी दाखवायला लागतं. पुढच्या सत्रापासून तो सगळ्या विभागाला लागू झाला आणि लाल आलेल्यांसाठी एक योजना निघाली. नाव काय, तर 'आधार'. लाल विद्यार्थ्यांवर ताण नको, म्हणून त्यांना एका सत्रात अर्धेच विषय घेता येतील. मी बैठकीत तोंड उघडलं. परत शिकायला आलेल्यांना मुळातच ठरावीक मुदत असते, तेवढ्यात सगळे विषय संपले नाहीत तर प्रवेश रद्द. अर्ध्या विषयांनी ती मुदत गाठता येणार कशी? विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, दोन्ही नियम विद्यार्थ्यांच्या भल्यासाठीच आहेत." आणि ते खरंच होतं. दोन्ही नियम भल्या मनाच्या माणसांनी केले होते. फक्त ते एकत्र वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

मावशीचे विषय अर्धे झाले. तिनं अर्ज केला, उत्तर आलं की प्रणालीचा रंग बदलला तर विषय वाढतील. रंग बदलायला काय करायचं, हे विचारायला ती अंदाजे सरांकडे गेली. मी तिच्यासोबत गेले, कारण मला राहवेना.

"मी लाल का आहे, सर?" तिनं विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "तसं सांगता येत नाही. आत हजारो आकडे असतात. सगळे मिळून ठरवतात. त्यातलं कारण म्हणून एक काढून दाखवता येत नाही."

माझं डोकं फिरलं. माझ्या विषयात कुठलंही पान घ्या, माउसचं उजवं बटण दाबा, आतलं लिखाण दिसतं. मी पोरांना पहिल्याच आठवड्यात तेच शिकवते. आणि इथे एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न, तर म्हणे उघडून बघता येत नाही. मी म्हणाले, "उघडत नाही ना? मग बाहेरून ठोकून बघू." सर बिचारे लगेच तयार झाले. त्यांनी तिच्या नोंदीची एक प्रत काढून दिली.

दुपारी रिकाम्या लॅबमध्ये आम्ही दोघी बसलो. एकेक रकाना बदलायचा आणि रंग बघायचा. हजेरी पूर्ण केली. लाल. गणितातलं ते नापास होणं पुसलं. लाल. सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी गुण दिले, म्हणजे एवढे गुण आमच्या विभागात कुणालाच कधी मिळाले नाहीत. तरी लाल. मावशी म्हणाली, "मॅडम, आता सुवर्णपदक द्या मला, बघू काय म्हणतोय." आम्ही हसत होतो. वय कमी केलं. लालच, जरासा फिका. मग 'शिक्षणातील खंड' हा रकाना राहिला होता. तिथे एकोणीस होतं. मी शून्य केलं.

हिरवा.

हसणं थांबलं. तिनं माझ्या हातातून माउस घेतला आणि पुन्हा एकोणीस केलं. लाल. शून्य. हिरवा. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे, मी तिला थांबवलं नाही. "वडिलांचं केलं," ती म्हणाली. "मुलगी वाढवली. फोन घेतले. तेवढं काढलं की मी हुशार." तिच्या आवाजात रडू नव्हतं. मी मात्र खिडकी लावायच्या निमित्तानं उठले.

अंदाजे सरांना दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. एवढा खंड घेऊन आलेले मोजकेच आणि ते सगळे सोडून गेलेले. अर्थात जाणारच. त्या काळी संध्याकाळची लॅब नव्हती, नोकरीवाल्यांनी शिकायचं कधी? पण यंत्राला लॅब ठाऊक नाही, माणसं गेली एवढंच ठाऊक. सर म्हणाले, "तुमच्याएवढ्या खंडानंतर येऊन पूर्ण केलेलं एकही उदाहरण त्याच्याकडे नाही. एक जरी असतं तरी..."

"तेच तर मी होणार होते," मावशी म्हणाली.

आम्ही तिघांनी मिळून विभागाच्या समितीला लिहून दिलं. सरांनी सही केली, याचं श्रेय मी त्यांना देईन. स्वतःचंच काम सदोष आहे असं लिहून द्यायला छाती लागते. समितीनं ऐकून घेतलं. मग विभागप्रमुखांनी भिंतीवर आकडे दाखवले. लाल आलेल्या दहा जणांपैकी नऊ जण खरंच सोडून गेले होते. "प्रणाली बरोबर ठरतेय," ते म्हणाले, "आणि आपण एका अपवादासाठी ती बदलायची?" मी ओरडले, की अहो, अर्धे विषय देऊन तुम्हीच घालवलेत त्यांना! मला शांत व्हायला सांगण्यात आलं. मी शांत झाले नाही, तर बैठक संपवण्यात आली.

मावशी आणखी एक सत्र झुंजली. जेवढे विषय दिले तेवढे सगळे पास झाली, तेही चांगल्या गुणांनी. पण मुदत काही गुण बघून थांबत नाही. उरलेले विषय आणि उरलेली सत्रं यांचा मेळ बसेना. मुलीची वरची शाळा सुरू झाली, नवऱ्याची पाठ धरली, तो लांबच्या फेऱ्या घेईना. एके दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "मॅडम, मुदत संपून त्यांनी काढण्यापेक्षा मीच जाते. निदान झालेल्या विषयांचा दाखला मिळेल. त्यावर कुठेतरी काम बघते."

मी तिला खूप समजावलं. पण काय समजावणार होते? हिशोब तिचाच बरोबर होता.

आम्ही दोघी ऑफिसच्या खिडकीशी गेलो. क्लार्कनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. 'सोडण्याचे कारण'. खाली ड्रॉपडाउन: आर्थिक, कौटुंबिक, आरोग्य, इतर. मावशीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"यात 'सोडायला लावलं' असं नाही," ती म्हणाली.

"'इतर' टाका ना ताई," क्लार्क म्हणाला. आमच्यामागे रांग होती, त्याचाही दोष नाही. तिनं 'इतर' निवडलं, सही केली, त्यानं बटण दाबलं आणि झालं. आम्ही पायऱ्यांपर्यंत आलो. ती एकदम थांबली.

"मॅडम, आता मी त्या जुन्या नोंदींत जाणार ना? खंड एकोणीस, सोडून गेली."

"हो."

"म्हणजे माझ्यानंतर कुणी अशी आली, तर तिला तो आणखी पक्का लाल म्हणेल. माझ्यामुळे."

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती माझी विद्यार्थिनी होती आणि तिला हे आमच्याच विभागानं शिकवलं होतं. मी म्हणाले, "हो."

ती वळली आणि जवळजवळ पळतच खिडकीशी गेली. रांग मोडून पुढे घुसली. फोनवर आयुष्यभर दुसऱ्यांचा आरडाओरडा ऐकणारी ही बाई मी पहिल्यांदाच आवाज चढवताना ऐकली. "माझं ते रद्द करा. मी सोडत नाहीये. नापास करा, काढून टाका, पण मी सोडलं असं लिहू नका!"

क्लार्क गोंधळला. त्यानं दोन-तीनदा बटणं दाबून पाहिली. "ताई, सेव्ह झालंय. मागे घेता येत नाही. परत यायचं तर नवा प्रवेशअर्ज भरा."

"द्या मग. आत्ता भरते."

"ऑनलाइन आहे. पण..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "यंदापासून अर्ज भरला की आधी रंग येतो. लाल आला तर अर्ज पुढे जात नाही."

मावशी खिडकीच्या फळीला धरून उभी राहिली. मागचा माणूस म्हणाला, "बाई, होतंय का तुमचं?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं काढला नाही. मग ती बाजूला झाली आणि त्या माणसाला म्हणाली, "या, झालं माझं."