चार पोरांची बाटली

हुपरीत आमच्या गल्लीत घराघरात पैंजणं बनायची. बायका उंबऱ्यापाशी बसून चिमट्यानं चांदीच्या कड्या एकमेकींत अडकवायच्या. नव्वदच्या दशकात मीही त्यातलीच. हात कड्यांत, कान गल्लीत. एका सकाळी पलीकडच्या गल्लीत गोवर आल्याचं कानावर पडलं आणि माझे हात थांबले. लेकीला नववा महिना सरत आलेला, गोवराची लस राहिलेली.

पोरीला कमरेवर घेतलं आणि दवाखाना गाठला. पायांत एक चप्पल माझी, एक सासूबाईंची. लसीचा वार होता, पण बाकावर कुणीच नाही. नर्सबाईंनी बर्फाच्या डब्यातली बाटली दाखवली. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. आणि बाटल्या तर मोजक्याच आलेल्या. म्हणाल्या, "एका पोरासाठी कशी फोडू? आणखी तीन पोरं घिऊन ये. बाराला मी डबा बंद करतो."

झालं. मी अशी सुटले, जणू निवडणुकीलाच उभी आहे.

शेजारच्या वैनींना तावातावानं गोवर समजावला. छाती भरते, डोळे जातात, सगळं. मला काय कळत होतं म्हणा. दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेलं तेवढंच, बाकी पदरचं. त्या कड्या जोडत राहिल्या. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "मागल्या टायमाला सुईनं ताप आला, पोरगं मांडीवरनं उतरंना. व्यापाऱ्याचा माल कुणी पुरा केला?"

ऊन चढत चाललेलं. कमरेवर पोरगी चुळबुळ करतेय, खाली माझे पाय. तोंडातून निघून गेलं, "ताप आला तर तुमचा माल मी पुरा करतो की, वैनी."

वैनींनी चिमटा खाली ठेवला.

पुढच्या दारात मी गोवराचं नावच काढलं नाही, सरळ अडचण काय ते विचारलं. तिथल्या भाभीला लस हवीच होती. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला एकटीला टाकून निघायचं कसं एवढाच प्रश्न. मी माझ्या सासूबाईंना नेऊन तिथं बसवलं. त्यांना विचारलं नाही, वेळ कुठं होता? तिसरीला तर बोलवावंच लागलं नाही. कोपऱ्यावरची ती, आम्हाला पोरं घेऊन जाताना बघून तिनंच हाक मारली, मला सोडून सगळ्या कुठं निघालात म्हणून, आणि आपलं पोर उचलून मागोमाग आली.

पोचलो तेव्हा डब्याचं झाकण लागत होतं. नर्सबाईंनी पोरं मोजली आणि बाटली फोडली. पहिला नंबर माझ्या लेकीचा. अख्खी गल्ली उठवून आणणारी मी, सुई बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं. पोरीला भाभीनं धरलं. पोरगी किंचाळली, तशी मी पदरानं घाम पुसला आणि बाकावर टेकले. घटकाभरच.

कारण नर्सबाई सांगत होत्या, ह्या लसीचा ताप लगेच येत नाही. आला तर आठवड्यानं, कधी त्याच्याही पुढं. तेव्हा घाबरायचं नाही, गोळी द्यायची, जास्त वाटलं तर इकडं यायचं.

वैनींनी रडतं पोर खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे तवर तू माझ्या दारात हाईस तर."

भाभी म्हणाली, "आधी माझ्या दारात." कोपऱ्यावरचीला मी काहीही कबूल केलं नव्हतं, तरी तिनंही नंबर लावला.

पुढचा पंधरवडा मी तिन्ही घरांत फिरून पोरांच्या कपाळाला हात लावत होते. इतक्या वेळा, की मला बघितलं की पोरं भोकाड पसरायची. लेकीला गोवर आला नाही. ताप वैनींच्या पोराला आला, एकच दिवस, आणि बोलल्याप्रमाणे त्यांच्या कड्या मी जोडल्या. अर्धं लक्ष चिमट्यात, अर्धं पाळण्यात. व्यापाऱ्यानं तो माल परत धाडला. वैनींनी सगळ्या कड्या सोडवून पहिल्यापासून जोडल्या.

पुढच्या डोसाच्या वेळी मात्र वैनीच सकाळी सकाळी माझ्या दारात, पोर कमरेवर.

"चल," म्हणाल्या. "पण कड्यांना हात लावायचा न्हाय."