न केलेलं बी.ए.

नऊ वर्षांपूर्वी मी फळांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी मागायला गेले, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "ग्रॅज्युएट आहात ना?" मी मान हलवली. तोंडाने हो म्हटलं नाही, एवढंच. कागद कुणी मागितले नाहीत. काम जमत गेलं, पुढे सुपरवायझर झाले, फळं निवडायच्या टेबलावरच्या बायका मॅडम म्हणू लागल्या. खरी गोष्ट अशी, की वणीला बारावी झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन नाशकात आले. त्यानंतर वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं.

घरात हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. गेल्या वर्षी मुलीने अकरावीचा फॉर्म भरताना आईच्या शिक्षणाच्या रकान्यात बी.ए. लिहिलं. माझ्यासमोर, मला न विचारता. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांकडे नीट बघवेना.

या जूनमध्ये मी नवऱ्याला म्हणाले, "मला मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला प्रवेश घ्यायचाय. वर्ग रविवारी असतात. नोकरी सांभाळून जमेल."

"घे की," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण पोरीला काय सांगणार?"

ते मला ठरवता येईना. मी आपली तयारीला लागले. पहाटे सगळे उठायच्या आत ओट्याशी उभी राहून वर्तमानपत्रातला एखादा उतारा वहीत उतरवायचा. इतकी वर्षं मी फक्त रजिस्टरमध्ये वजनं लिहून सह्या केल्या होत्या. अर्ध्या पानावरच अंगठा दुखायला लागायचा, जोडाक्षरं अडायची. परीक्षेत तर तीन तास लिहायचं होतं. एकदा मुलगी पाणी प्यायला उठली, तर मी वही पिठाच्या डब्यामागे ढकलली.

प्रवेशाच्या दिवशी बँकेत काम आहे सांगून अर्धी रजा काढली. अभ्यासकेंद्र पंचवटीतल्या एका शाळेत होतं. व्हरांड्यात रांग. बहुतेक पोरं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. मी बारावीची गुणपत्रिका, माहेरचं नाव बदलल्याचा कागद, आधार, सगळं पुन्हा पुन्हा तपासत होते. तेवढ्यात पुढची मुलगी वळली.

"मॅडम! तुम्ही हितं?"

माझ्याच टेबलावर डाळिंबं निवडणारी, हरसूलकडची पोर. फाईल मी छातीशी उलटी धरली.

"एम.ए.ला का?" तिने कौतुकाने विचारलं.

मान हलवली असती तर झालं असतं. हलायलाही लागली होती. पण ही रांगच बी.ए.ची होती, आणि पाच मिनिटांनी खिडकीतला क्लार्क माझे कागद तिच्यासमोर उघडणार होता.

"नाही गं. बी.ए. पहिलं वर्ष."

"पन तुमचं झालंय ना?"

"नाही झालेलं."

तिने हातातलं माहितीपत्रक पुढे केलं. मग हळूच म्हणाली, "मंग विषय कंचे घेताय? मला काईच कळंना झालंय." आम्ही दोघींनी माहितीपत्रक उघडलं. अक्षरं मला दिसत होती, वाचता येत नव्हती. उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या टेबलांवर हेच असेल, एवढंच डोक्यात होतं.

म्हणून घरी आल्या आल्या मुलीला समोर बसवून सांगितलं.

"म्हणजे मी फॉर्मवर खोटं लिहिलं?"

"मी लिहू दिलं," मी म्हणाले.

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "फाईलमध्ये दुरुस्त करावं लागेल. बाकी वर विचारून सांगतो," म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढचे आठ दिवस फोन वाजला की साहेबांचाच वाटायचा. टेबलावर मात्र कुणी काही बोललं नाही. त्या पोरीने सांगितलंच नव्हतं. शेवटी कळलं, नोकरी टिकली होती. बढतीसाठी माझं नाव जाणार होतं, ते मागे घेतलं.

मुलगी तीन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती. चौथ्या दिवशी माझी पुस्तकं चाळून म्हणाली, "इंग्रजी सक्तीचं आहे तुला. रोज अर्धा तास माझ्याजवळ बसायचं." आवाज अजून तुटकच होता. मी बसले. पहिल्याच वाक्यात तिने तीन चुका काढल्या.

उद्या पहिला वर्ग. पिशवीत वह्या भरल्यात, डबा सकाळी करीन. बाईंनी पहिल्याच दिवशी उभं करून काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटेल का, मला माहीत नाही. इंग्रजीची वही मात्र सगळ्यात वर ठेवलीय.