मातीखाली गेलेली मुळं

भगवंत म्हणजे माझ्या बहिणीचा, जयवंताचा नवरा. बाळापूरच्या काळ्या मातीतला गडी. आणि नोकरी कुठं, तर नवी मुंबईच्या खाडीकाठी, खारफुटीचा वनरक्षक. सहा वर्षं जयवंता लेकीला घेऊन अकोल्यात, जठारपेठेतल्या भाड्याच्या खोलीत आणि हा तिकडं गुडघाभर चिखलात. यंदा मात्र त्याच्या अकोल्याच्या बदलीचा कागद सहीपर्यंत पोचला होता. तो आला की तिघांनी मोठ्या घरात जायचं, म्हणून जयवंतानं घरमालकाला खोली सोडणार असं सांगूनही ठेवलं होतं.

नेमका तेव्हाच टॉवर बांधणाऱ्या एका बिल्डरनं रस्ता काढायला खारफुटीत भराव टाकला. पंचनाम्याला त्याचा माणूस म्हणाला, एकही झाड तोडलेलं नाही, मोजून घ्या. झाडं खरंच हिरवीगार उभी होती. वनखात्याच्या साहेबांनी तसं लिहायला घेतलं.

हा भला माणूस गप्प बसला असता, तर महिनाभरात घरी आला असता. पण ही झाडं मरणार, हे त्याला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याला तरण्या झाडांभोवती चिखलातून वर आलेली मुळांची टोकं दिसली. आपल्याकडं पिकाचं मूळ उघडं पडलं की मातीची भर लावतात. यानंही फावडं घेतलं आणि दोनशे झाडांना मायेनं भर लावली. खारफुटी त्या टोकांनीच श्वास घेते. सगळी वाळली, आणि यानं वहीत कीड पडली असं लिहिलं.

"सायेब, म्या सवताच्या हातानं दोनशे झाडं मारली," तो म्हणाला. "कुऱ्हाड नाई लावली, माती लावली. कीड पडली म्हून लिवलं, ते खोटं व्हतं. चाला, जागा दाखवतो."

साहेबांनी वाळलेले बुंधे पाहिले. पंचनामा बदलला, भराव उचलायचा हुकूम निघाला. भगवंताची चौकशी लागली आणि बदली अडकली.

त्याचा फोन आला तेव्हा मी जठारपेठेतच होतो. मी भडकलो. सहा वर्षांपूर्वीचं कोण उकरायला बसलं होतं? जयवंतानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, माती काढली का? सकाळपासून काढणं चालू आहे, तो म्हणाला.

"मंग सारी मुळं उघडी होईपर्यंत तितून हालू नका."

फोन ठेवून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन घरमालकाकडं गेली आणि खोली सोडत नाही म्हणून सांगून आली.