खेकडे, धुरे आणि माझ्या जाऊबाई

पोटात गोष्ट न राहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या थोरल्या जाऊबाईंची बरोबरी करील अशी बाई चंद्रपूर-गडचिरोलीच्या साऱ्या मुलखात झाली नसेल. लोकांच्या भानगडींत त्यांना गोडी नव्हती. त्यांच्या पोटात राहत नसे ती शेती. बियाण्याच्या धानात कडुलिंबाचा पाला आणि राख घातली की किडे लागत नाहीत, हे त्यांनी एकदा एसटीच्या कंडक्टरला इतकं रंगून सांगितलं की तो घंटी मारायचा विसरला आणि आमचा थांबा मागे पडला. घुग्घुसच्या एका लग्नात, कोळसाखाणीत कामाला असलेल्या नवरदेवाला त्यांनी अंतरपाटाच्या आधी गाठलं आणि धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, चिखल कसा थापायचा ते शिकवलं. त्याच्याकडे कुंडीभर मातीही नव्हती. मी पदर ओढला तर म्हणाल्या, "त्याचं वावर नाई म्हून काय झालं वं? सासऱ्याचं असंल!"

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो खेकड्यांत. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी उभं राहावं लागतं, आणि खेकडा तिच्या धुऱ्याला बिळं पाडतो. भरलेली बांधी बघता बघता रिकामी होते. जाऊबाई धुऱ्यावर पालथ्या पडत, मातीला कान लावत आणि आम्हाला दटावत, "गप ऱ्हा जरा, जावाई बोलून राह्यला." खेकड्याला त्या जावई म्हणत, कारण तो न बोलावता येतो आणि घर पोखरून जातो. बीळ सापडलं की चिकणमातीत तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे, तुकडे कालवून आत ठासायचे, टाचेनं दाबायचं, मग धुऱ्याची आतली बाजू चिखलानं लिंपून काढायची. त्यांच्या आईनं शिकवलेलं हे काम. आमच्या गावात त्यांनी ते घरोघर शिकवलं आणि आमच्या बांध्या पाणी धरू लागल्या.

आमचा तलाव मात्र दोन गावांचा. ऐंशीच्या दशकातल्या एका साली पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं आणि धान नेमकं गर्भात, पोटरीत आलेलं. खालच्या गावचे लोक म्हणू लागले, तलावाचं दार उघडा. उघडलं तर त्यांच्या गळक्या बांध्यांतून सगळं पाणी नाल्याला जाणार, हे आमच्यांना ठाऊक होतं. तलावाच्या मातीच्या पाळीवर दोन्ही गावं काठ्या घेऊन उभी राहिली. तेवढ्यात जाऊबाई तणसाचा भारा डोक्यावर घेऊन आमच्या माणसांमधून निघाल्या, त्या थेट खालच्या गावाकडे. मी मागे धावले.

"कुठी चालली?" थोरले दीर ओरडले.

"जावाई पाह्याले!"

पहिल्याच बांधीत त्यांनी लुगडं खोचलं आणि तिथल्या बायांना हाक मारली. आधी कोणी हललं नाही. मग एक म्हातारी उतरली, तिच्या सुना उतरल्या, आणि दुपारपर्यंत अख्खी बायांची जात चिखलात होती. इकडे आमच्या गावात संताप उसळला. पंचांनी दिरांना बोलावून विचारलं, "आपल्या गावची अक्कल त्यायले काऊन वाटून राह्यली तुमची बाई?"

जाऊबाई तशाच चिखलानं माखलेल्या पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्यायच्या बांधीत पाणी टिकलं, तवाच आपला तलाव टिकंल ना भाऊ! अक्कल काय पायलीत मोजून द्याची असते? सांगतली त कमी होते काय?"

खालच्या गावचे धुरे लिंपून होईपर्यंत त्या रोज जात राहिल्या. शेवटी शेवटी आमच्याही बाया सोबत येऊ लागल्या. मग आमच्या गावानं तलावाचं दार उघडलं. पाणी पाटानं सळसळत गेलं, शेवटच्या बांधीत चढलं, आणि उभं राहिलं. नाल्याकडे एक धार गेली नाही! पाळीवर असा गलका झाला की झाडावरचे बगळे उठले. काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी जाऊबाईंना बैलगाडीत बसवून, डफडं वाजवत दोन्ही गावांतून मिरवलं. त्याही अवस्थेत त्या गाडीवानाला बैलांच्या खुरांचं औषध सांगत होत्या.

दोन्ही गावांचं धान पिकलं. पुढच्या वैशाखात तलावात अजून पाणी होतं, जे कोणी कधी पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी आम्ही दोघी काठावर पाय सोडून बसलो होतो.

"माह्या मायनं हे पाह्यलं असतं त..." जाऊबाई म्हणाल्या. "तिले कोणी काई इचारलंच नाई वं कधी."

समोर म्हशी डुंबत होत्या, आमच्या गावच्या आणि खालच्या गावच्या एकमेकींत मिसळून. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या बघत बसलो. कोणती कोणाची, काही ओळखू येत नव्हतं.