बावडीतली बाई मी लिहिली

कुमुदमावशींचं वाटोळं मी केलं. गेल्या वर्षी, हरतालिकेच्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका फोटोकॉपीच्या दुकानाच्या पायरीवर. वेळ पक्की आठवते, कारण त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता मोबाइलकडे बघितलं होतं.

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, समितीतल्या एकाही माणसाला नाही. माझं काम पर्चे लिहिण्याचं — पत्रकं म्हणा, ग्वाल्हेरात आम्ही पर्चेच म्हणतो. पर्चे लिहिणाऱ्याला एक वाईट खोड लागते, दुसऱ्याचा गुन्हा ठळक अक्षरात छापायची. स्वतःचा छापायला मला वर्ष लागलं. आणि हा पर्चा हिंदीत नाही, मराठीत आहे. का? कारण ज्यांनी तो वाचायला हवा ती घरं मराठी आहेत. तुमची घरं. लष्कर, कंपू, पडाव या मोहल्ल्यांतली. बाकीच्या शहराचा यात काही दोष नाही.

मावशींना तुम्ही ओळखता. नाव ठाऊक नसेल तर पुरण ठाऊक असेल. महालक्ष्म्यांना — पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात — तीन घरचा सोवळ्याचा स्वयंपाक त्यांचा. नवरात्रात रोज एक घर. मग वर्षभर कुणाचा कुळधर्म, कुणाचं बोडण. नवरा तरुणपणीच गेला. डावा पाय एकदा मोडला तो नीट बसला नाही, म्हणून चालताना थोडा ओढतात. मनगटापर्यंत हळदीने पिवळे हात. आणि सोवळं असं कडक की नळाचं पाणी चालत नाही. पहाटे उजाडता उजाडता गल्लीमागच्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरायच्या, अंगावर पाणी घ्यायच्या, कळशी भरायच्या आणि ओलेत्याने घरी निघायच्या. वाटेत कोणी आडवं आलं तर दुरूनच — "शिवू नको रे!" लहानपणी आम्ही मुद्दाम आडवे जायचो.

सोवळं मला पटत नाही. तो वेगळा पर्चा. पण त्या बावडीचं पाणी अजून वापरणारं माणूस शहरात एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे कुमुदमावशी. हे लक्षात ठेवा.

ती बावडी बुजवून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायचं ठरलं. आम्ही समिती केली — सहा जण आणि एक माइक. पहिला पर्चा मी खरा लिहिला. ही बावडी मेलेली नाही, हिच्यात झरा आहे, आजही एक बाई इथून पाणी नेते. चांगला होता. एकाही माणसाने वाचला नाही. दुसऱ्या दिवशी बाड्यावर, शहराच्या मोठ्या चौकात, एक जण त्याच पर्च्यावर बेढई घेऊन खात होता, माझ्या झऱ्यावर बटाट्याचा रस्सा सांडला होता. मला राग आला. रागात मी बरं लिहितो, असं सगळे म्हणतात.

कॉलेजात असताना मी भयकथा लिहायचो. पडके महाल, जिने, धुकं, आणि कोणीतरी हौसेने घडवलेलं, जे शेवटी घडवणाऱ्याच्याच मानगुटीवर बसतं. तेव्हा ती मला नुसती युक्ती वाटायची. वाचकाला शेवट हवा असतो, तर घ्या शेवट.

दुसरा पर्चा गुलाबी कागदावर, हिंदीत, खाली कोणाचं नाव नाही. पहाटे बावडीतून एक बाई वर येते. साडीतून पाणी निथळत असतं. एक पाय फरपटत. हात पिवळे. जवळ गेलात तर मागे सरकते आणि म्हणते, छूना मत. ज्याने बावडीला हात लावला, त्याच्या घरात ती पाणी भरायला येते.

बस. एवढंच. ठेकेदाराची माणसं तिसऱ्या दिवशी फावडी टाकून निघून गेली. पर्चा मी लिहिला हे समितीत सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर कोणाला नाही. ही बाई आणलीस कुठून, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणायचो — दहा बायकांचे तुकडे जोडलेत. एकीचं चालणं, दुसरीचे हात, तिसरीचा आवाज. ऐकायला छान वाटायचं.

खोटं होतं ते. सगळे तुकडे एकीचेच होते. एकही जोड मला द्यावा लागला नाही. मी मावशींना अख्खं उचललं, फक्त जीव तेवढा काढून घेतला. आणि हे नकळत झालं नाही. लिहिताना त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मला वाटलं, हिंदी पर्चा आहे, बाड्यावरच्या लोकांना सोवळं काय कळणार? मराठी घरं तोच पर्चा वाचतील हे मला सुचलं नाही? सुचलं होतं. मी पुढे लिहीत गेलो.

मग ती बाई माझी राहिली नाही. मोबाइलवर तिचे व्हिडिओ फिरू लागले. तिचे पाय उलटे झाले, मला न विचारता. तिला एक मूल मिळालं. एकदा स्टेशनवरून येताना ऑटोवाल्याने मला तिची पूर्ण गोष्ट सांगितली. मी म्हटलं, पाय उलटे नाहीत, एक फक्त ओढते. त्याने आरशातून बघितलं. "भैया, आप ग्वालियर में नए हो क्या?"

हसू आलं ना? मलाही आलं होतं. मग आमच्या शेजारच्या काकू आईशी बोलताना ऐकल्या — "अगं, ओलेती काय, पाय काय, हात काय... हे तर आपल्या कुमुदचं वर्णन! कुणास ठाऊक पहाटे तिथे काय काय करते." तेव्हा हसू थांबलं.

मी बावडीतल्या बाईला मारायचं ठरवलं. तिसरा पर्चा काढला. बावडीत कोणी बाई नाही, ती गोष्ट बनवलेली आहे. पुन्हा खाली नाव नाही. दुपारपर्यंत सगळ्या लष्करात एकच चर्चा — हा ठेकेदाराने छापलाय, म्हणजे बाई खरीच असणार! मी घडवलेल्या बाईने मला ठेकेदाराचा माणूस ठरवलं. तिला मारायचा एकच रस्ता उरला होता. खाली स्वतःचं नाव घालायचं. तीन अक्षरं. तो रस्ता मला स्पष्ट दिसत होता.

आणि मग हरतालिका. मावशी मला शोधत त्या दुकानाशी आल्या, पाय ओढत, गुलाबी पर्च्याची घडी कमरेला खोचलेली. पडावाच्या एका घराने सांगून पाठवलं होतं, या वर्षी महालक्ष्म्यांना येऊ नका. उरलेल्या दोन घरांपैकी एक आमचं.

"ओंकार, तू लिहिणारा ना मोठा? हे कोणी लिहिलं ते तुला कळायला हवं. सांग."

मी मोबाइल बघितला. साडेदहा. "माहीत नाही मावशी. ठेकेदाराचं काम असेल."

"जळो मेल्याचा ठेका." त्या पायरीवर टेकल्या. "मग तू एक कर. माझ्या नावाने छाप. मी ती नव्हे म्हणून. अरे, भूत कधी पुरण वाटेल का? वाटलं तरी कणी राहील त्यात! माझ्या पुरणात राहते का?"

आणि त्या हसल्या. खरंच हसल्या. त्यांना वाटलं, आता काम झालं. ओंकार लिहितो म्हणजे झालंच.

आता जे सांगायचंय ते इथे आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय.

पर्चे लिहायला ज्यांनी मला शिकवलं त्या दादांचा पहिला नियम होता — समोरच्याचा आरोप आपल्या पर्च्यात कधी लिहायचा नाही. शंभरातल्या वीस जणांनी तो ऐकलेला असतो, उरलेल्या ऐंशींना आपण सांगतो. हा नियम मी स्वतः दहा पोरांना शिकवलाय. फळ्यावर लिहून. आणि त्या दिवशी, त्या दुकानात उभ्या उभ्या, मावशींच्या नावाने मी मथळा लिहिला: "मी बावडीतली बाई नाही." खाली त्यांचं नाव, त्यांची गल्ली, आणि पहाटे त्या बावडीवर का जातात याचा खुलासा. मराठीत. घरोघरी वाटायला.

मला माहीत होतं काय होणार ते. चुकून झालं, घाईत झालं, भलं करायला गेलो — यातलं मी काहीही म्हणू शकत नाही. माझ्याच नियमाने मी ते ओळखलं होतं. त्या कागदावर खाली माझं नाव आलं असतं तर सगळं मिटलं असतं. मावशी समोर बसल्या होत्या, पेन हातात होतं. मी त्यांचं नाव लिहिलं.

का?

बावडी वाचली होती. काम थांबवल्याचा कागद आला होता, समितीने माझ्या गळ्यात हार घातला होता. गोष्ट खोटी ठरली असती तर फावडी परत आली असती. हे कारण मी वर्षभर स्वतःला दिलं, आणि ते खरं आहे. पण त्याखाली दुसरं आहे, ते अजून खरं. मला ती बाई आवडत होती. मी लिहिलेलं दुसरं काहीच कोणी पाठ केलं नाही. अनोळखी माणसं माझं वाक्य माझ्यासमोर म्हणत होती, आणि ते म्हणताना त्यांच्या अंगावर काटा येत होता. एकीकडे ती आणि दुसरीकडे हाडामांसाच्या मावशी, असं निवडायची वेळ आली. मी तिला निवडलं.

दोन दिवसांत दुसरं घर गेलं. तिथली सून आमच्या आईला म्हणाली, "आम्हाला तर काही माहीतच नव्हतं हो. बरं झालं पर्चा आला."

राहिलं आमचं घर. आई ओट्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. "मला नाही वाटत रे असलं काही. पण सवाष्णी जेवायला येणार, कुणाच्या मनात किंतु नको." तिला माझ्याकडून एक शब्द हवा होता. तेवढ्यावर तिने ऐकलं असतं, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुला पटेल तसं कर." महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचं पुरण त्या वर्षी दुकानातून आलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं.

नवरात्रात मावशींना एकही बोलावणं आलं नाही. त्यानंतरही नाही. बावडीवर त्या जात नाहीत, तिथे पहाटे मोबाइल घेऊन पोरं बसलेली असतात. म्हणजे जिच्यासाठी ती बावडी वाचवायला हवी होती, तिलाच आम्ही तिथून उठवलं. आता त्या पडावात एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात चपात्या लाटतात. तिथे सोवळं नाही, ओवळं नाही, आणि त्या कोण ते कोणी विचारत नाही.

परवा दुपारी तिथे जाऊन हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. मागच्या दारी, उभ्यानेच. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"आधी तिला सांग. बाजारात मला बघून रस्ता बदलते ती. पंचवीस वर्षं तिच्या घरचं पुरण केलं मी." मग तव्याकडे वळल्या. "जा आता. करपतील."

काल आईला सांगितलं. आज तुम्हाला सांगतोय. समितीलाही हाच कागद जाईल. फावडी परत आली तर मी बावडीच्या तोंडाशी उभा राहीन, झऱ्याचं कारण घेऊन. कोणी ऐकलं नाही तर नाही. आणि या वेळी खाली नाव आहे — ओंकार. तिन्ही पर्चे माझे होते. चौथा, जो मावशींच्या नावाने आला, तोही माझाच.

माझं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गोष्ट मी लिहिली आणि ती खरी मानून दार तुम्ही लावलंत. एकाही घराने मावशींना तोंडावर सांगितलं नाही. निरोप धाडलात, कामवालीच्या हाती, शेजारणीच्या हाती. म्हणून आता एक करा. महालक्ष्म्यांना अजून महिना आहे. पडावात जा. फोन करू नका, कोणाला पाठवू नका. स्वतः जा, त्यांच्यासमोर उभे राहा, आणि या वर्षी या असं तुमच्या तोंडाने म्हणा. त्या नाही म्हणाल्या तर पुढच्या वर्षी परत जा.