शेजारणीची निर्जळी

शेजारणीच्या लेकीच्या ऑपरेशनसाठी मॅरेथॉन पुरी करीन या बोलीवर लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्यापायी आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायला उतरले. शेजारणीनं तर नवसच केला. म्हणाली, "तुमी पोचल्याबिगर मी पाण्याचा घोट घेणार न्हाय."

होटगी रोडवर माझे पाय उचलेनात. कडेला बसून रडले. सोलापूरच्या उन्हात ती शेवटच्या कमानीपाशी कोरडी उभी असणार, या विचारानं तिचाच संताप आला. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तिच्यामुळं मला थांबताही येईना.

लंगडत पोचले, तेव्हा लोक कमान उतरवत होते. माझ्या हातातली बाटली तिनं एका दमात रिकामी केली, तोंड पुसलं आणि विचारलं, "परत कवा पळायचं? डॉक्टर म्हणत्यात, आजून एक ऑपरेशन हाय."