उन्हाळ्यातले घोंगडे आणि आमचे आबासाहेब

डॉ. आबासाहेब नेर्लेकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, तो बहुधा त्यांची बोलणी मी सर्वांत जास्त खाल्ली म्हणून! नवी पदवी आणि नवा कोट घेऊन साताऱ्याहून मी त्यांच्या मिरजेच्या दवाखान्यात हजर झालो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "जेवलात का?" मी नाही म्हणताच त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात पाठवले. "भुकेल्या डॉक्टरचे रोग्याकडे लक्ष लागत नाही," हे त्यांच्याकडून मला मिळालेले पहिले शिक्षण.

रोग्याचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, हा आबासाहेबांचा नेम आहे. लोणंदचे एक व्यापारी पोटदुखी सांगायला बसले की धाकट्या भावाच्या लग्नापासून सुरुवात करत. आबासाहेब वरात घरी येईपर्यंत शांतपणे ऐकत आणि मग पंगतीत काय काय होते ते विचारत. बाहेर रांग खोळंबायची, आम्ही मनातल्या मनात चरफडायचो.

या ऐकण्याचे मोल मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऐन वैशाखात कळले. कवठे महांकाळकडच्या तानूबाई आपल्या सुनेला, यशोदेला, घेऊन आल्या. मुलगा पलटणीत होता. यशोदेचे अंग ठणकत होते. सकाळी बोटे आखडत, गुडघे धरत, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत. गावाने संधिवात ठरवून टाकला होता. तेल चोळून झाले, निर्गुडीचा शेक देऊन झाला, गुण नव्हता.

"दोन भाकरी थापल्या की बसती," तानूबाई सुनेसमोरच म्हणाल्या. "लय आळशी हाय वो. पोरगं रजेवर आलं की दुसरी करून देनार. सोयरीक बगून ठेवलीया."

यशोदा खाली मान घालून बसली होती, अंगावर घोंगडे घेऊन. वाताच्या रोग्याला ऊब देतात, तशीच ही घरगुती तजवीज असणार, असे आम्ही सर्वजण धरून चाललो. आबासाहेबांनी मात्र विचारले, "मुली, घोंगडे पांघरायला कोणी सांगितले?"

"कुनी न्हाई," ती सावकाश, घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला गार वाजतंय."

बाहेर उन्हाने अंगणात पाय ठेववत नव्हता!

आबासाहेबांनी तिच्या चेहऱ्यावरची सूज आणि कोरडी पडलेली कातडी पाहिली, आवाज कधीपासून बसला ते विचारले. मग तिला बाकावर गुडघे टेकायला लावून टाचेमागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हलले, पण मूळ जागी परतताना रेंगाळले. "आता तुम्ही या," ते तानूबाईंना म्हणाले. पुष्कळ आढेवेढे घेऊन तानूबाई बाकावर चढल्या. हातोडी लागताच त्यांचे पाऊल टुणकन उडाले आणि लगेच जागेवर आले. "आगं आई गं!" त्या ओरडल्या आणि सारा दवाखाना हसला. यशोदासुद्धा हसली.

"पाहिलेत?" आबासाहेब म्हणाले. "हे काही माणसाच्या मनावर नसते. तिच्या गळ्यातली एक ग्रंथी मंद झाली आहे. ती मंदावली की सारे शरीर मंदावते, स्नायू ठणकतात, सांधे आखडतात. हे दुखणे खरे आहे."

औषध होते, पण त्या गोळ्या मेंढीच्या ग्रंथीपासून बनत आणि तानूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मांस वर्ज्य. गोळी कशाची ते बोलू नये, असे दवाखान्यातल्या एकाने सुचवले. आबासाहेबांनी ते मानले नाही. सगळे स्पष्ट सांगितले. तानूबाईंनी गळ्यातली माळ चाचपली. शेवटी म्हणाल्या, "माळ माज्या गळ्यात हाय. दुखनं तिच्या गळ्यात हाय. द्या गोळी."

मुंबईहून गोळ्या मिळवताना आबासाहेबांची दमछाक झाली, पण त्यांनी खंड पडू दिला नाही. अगदी थोड्या मात्रेने सुरुवात केली आणि काही महिन्यांत यशोदेच्या अंगाचा ठणका उतरला. त्यानंतर आम्हा तरुण डॉक्टरांना प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यामागे ती ग्रंथी दिसू लागली. "अहो, काही गुडघे नुसते म्हातारे झालेले असतात," म्हणून आबासाहेबांनी आमचे कान उपटले.

पावसाळा सरल्यावर सासू-सून पुन्हा आल्या. यशोदा पुढे, तानूबाई धापा टाकत मागे. "आवं डाक्टर, हिच्यासंगं चालवंना. आता मलाच कायतरी द्या!" आबासाहेबांनी हसत विचारले, "आणि त्या सोयरिकीचे काय?"

"ती? ती मी तवाच मोडली. हितनं घरी गेलो, त्याच दिशी."

"गुण यायच्या आधीच?"

"व्हय. गुन न्हाई आला तरी मोडनारच हुतो." तानूबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "आळशी हाय म्हनून सोडत हुतो. आजारी मानसाला कोन सोडतं व्हय?"

आबासाहेबांनी दोघींना एवढेच विचारले, "जेवलात का?"

आबासाहेबांना निरोगी शंभरी लाभो आणि समोरच्या माणसाला आळशी, रडवे किंवा ढोंगी ठरवण्याआधी त्याचे ऐकून घेणारे त्यांचे कान तोवर असेच तिखट राहोत. औषधाचा गुण यायला महिने लागतात. यशोदेचे घर त्याआधीच वाचले होते.